आमवात की सिकलसेल? न्यूट्रोफिल पेशींच्या निमित्ताने काही विचार

आपल्या व्यवसायात 'प्रतिकारशक्ती' हा शब्द अलीकडे इतक्या सैलपणे वापरला जाऊ लागला आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची कोणास गरजही वाटेनाशी झाली आहे. २०२० च्या कोविड साथीनंतर तर औषधी दुकानातील निम्म्या बाटल्यांवर हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला दिसतो. प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून रोग झाला, ती वाढविली की रोग जाईल, असे सोपे गणित रुग्णाच्या मनात पक्के बसले आहे. आणि स्पष्टच बोलायचे तर ते आपल्यापैकी अनेकांच्याही मनात बसले आहे. माझ्याही मनात ते होते. ते चुकीचे आहे हे मला ग्रंथवाचनातून कळले नाही, एका रुग्णाकडून कळले. म्हणून प्रथम त्याची हकिकत सांगतो.

माझा दवाखाना शहादे परिसरात आहे. घाट उतरून येणारे तोरणमाळकडील रुग्ण बहुधा आमच्याच भागात येतात. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटर उंचीवरच्या त्या पठारावर पर्यटक यशवंत तलाव आणि सीताखाई पाहण्यास जातात, महाशिवरात्रीस यात्रेकरू गोरक्षनाथाच्या दर्शनास जातात. परंतु भोवतालच्या पाड्यांतून राहणाऱ्या भिल्ल व पावरा समाजातील माणसाचे वर्ष निराळ्याच क्रमाने जाते. पावसाळ्यात डोंगरउतारावरची शेती, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोड, उन्हाळ्यात परत घर. असा ऊसतोडीवरून अर्ध्यात परतलेला एक तरुण पौषातील थंडीत माझ्याकडे आला. दोन्ही गुडघे, मनगटे व कंबर यांत तीव्र वेदना, अंगात कणकण, अरुची, अंगमर्द, जिव्हा साम. मी आमवात असे निदान केले आणि शास्त्रानुसार लंघन, वालुकास्वेद, शुंठी आदी दीपन-पाचन द्रव्ये आणि दुसऱ्या दिवशी एरंडस्नेहाचे विरेचन अशी योजना केली. चक्रदत्ताने आमवातात लंघन, स्वेदन, तिक्त-कटू दीपन द्रव्ये व विरेचन सांगितलेच आहे. चिकित्सासूत्रात माझी चूक नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीत वेदना सुरू झाल्या, श्वास लागू लागला, डोळे पिवळे दिसू लागले. त्यास तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविले. तेथे सिकलसेल आजाराचे निदान झाले, आणि फुप्फुसात उद्‌भवलेला उपद्रव त्याच आजाराचा होता. रुग्ण वाचला. त्याच्या रक्ताचा अहवाल मी नंतर पाहिला. पांढऱ्या पेशी वीस हजारांच्या वर गेलेल्या होत्या आणि त्यांत न्यूट्रोफिल पेशींचे प्रमाण मोठे होते.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, एवढ्या पांढऱ्या पेशी आहेत म्हणजे शरीर जोमाने प्रतिकार करीत आहे. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने शांतपणे सांगितले, "वैद्यराज, याच पेशी त्याला त्रास देत आहेत." पुढील विवेचन या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्याचा माझा प्रयत्न आहे.

न्यूट्रोफिल ही रक्तातील सर्वांत बहुसंख्य पांढरी पेशी होय. निरोगी प्रौढाच्या पांढऱ्या पेशींपैकी साधारणतः ५० ते ७० टक्के पेशी याच असतात. अस्थिमज्जेत त्या दररोज सुमारे दहा हजार कोटी इतक्या निर्माण होतात आणि अल्पायुषी असतात. १८८२ साली मेसिना येथे एल्या मेच्निकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अर्भकात काटा टोचला असता भटक्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झालेल्या पाहिल्या, तेव्हापासून पेशी जंतूंना गिळतात हे ज्ञात झाले, आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिक यांच्यासमवेत मिळाले. तेव्हापासून पांढरी पेशी म्हणजे शरीराचा शिपाई ही प्रतिमा रूढ झाली. या प्रतिमेने आपले नुकसानही केले आहे, कारण शिपाई जितके अधिक तितके बरे, असे त्यातून सहज वाटते.

प्रत्यक्षात या पेशीचे वर्तन शिपायापेक्षा निरोप्याच्या अधिक जवळचे आहे. ऊतीला इजा झाली की तेथील रक्षक पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्या संदेशाने जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिनीच्या आतील अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने प्रकट होतात. वाहत जाणारी न्यूट्रोफिल पेशी त्यांना अडखळते आणि भिंतीवरून हळूहळू लोळू लागते. त्याच वेळी भिंतीवरील आय-एल-८ सारखा संदेश तिला मिळाला तर तिच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन प्रथिने ताठ होतात, ती भिंतीस घट्ट चिकटते आणि अस्तरपेशींच्या सांध्यांतून बाहेर पडते. बाहेर आल्यावर ती रसायनाच्या वाढत्या सांद्रतेचा माग काढीत जाते. वाटेत अनेक संदेश एकाच वेळी ऐकू येतात, तेव्हा कोणाचे ऐकायचे याचाही क्रम ठरलेला आहे. जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे आणि सी-५-ए यांसारखे शेवटच्या मुक्कामाचे संदेश आय-एल-८ किंवा ल्यूकोट्राइन बी-४ यांसारख्या वाटेवरच्या संदेशांपेक्षा वरचढ ठरतात. एरवी पेशी वाटेतच घोटाळत राहिली असती.

यापुढचा भाग मला विशेष लक्षणीय वाटतो. इजेच्या जागी पोहोचलेली पेशी स्वतःच ल्यूकोट्राइन बी-४ सोडते, त्या हाकेने दूरच्या पेशी येतात, त्याही तीच हाक पुढे देतात, आणि पाहता पाहता पेशींचा थवा जमतो. २०१३ साली उंदराच्या त्वचेत हा प्रकार प्रत्यक्ष पाहण्यात आला. आपणच हाक द्यायची आणि आपणच तिला ओ द्यायची, अशा व्यवस्थेत ती थांबावी कशी, हा खरा प्रश्न आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचे एक उत्तर दिले. संदेश फार दाट झाला की पेशीच्या आतील जी-आर-के-२ हे प्रथिन तिच्या ग्राहींना बधिर करते आणि पेशी जागच्या जागी थांबते. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हते त्यांच्या पेशी थांबल्याच नाहीत, भटकतच राहिल्या. आणि गंमत अशी की, अधिक ऊतीत अधिक वेळ फिरूनही त्यांच्या हातून जंतूंचा नायनाट कमीच झाला. थांबणे हादेखील प्रतिकाराचाच भाग आहे, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

पोहोचल्यानंतर या पेशी जंतूंना गिळतात, प्राणवायूपासून तीव्र द्रव्ये निर्माण करून त्यांना जाळतात, आपल्या कणिकांतील प्रथिनपाचक एन्झाइम सोडतात. २००४ साली बर्लिन येथील मॅक्स प्लांक संस्थेत आर्टुरो झिखलिन्स्की यांच्या गटाने दाखविले की ही पेशी आपल्या केंद्रकातील डी-एन-ए चे जाळे बाहेर फेकून त्यातही जंतू पकडते. ही सारी शस्त्रे जंतू आणि स्वकीय ऊती यांत फारसा भेद करीत नाहीत. म्हणूनच निसर्गाने दुहेरी कुलूप ठेवले आहे: पहिल्या संदेशाने पेशी केवळ सज्ज होते, दुसरा संदेश आल्यावर शस्त्र सोडते. आणि शेवटी शोथ मावळण्याचीही स्वतंत्र व्यवस्था आहे. ज्या पेशी आरंभी ल्यूकोट्राइन बनवीत होत्या, त्याच काही काळाने लिपॉक्सिन हे शमनकारक द्रव्य बनवू लागतात, असे चार्ल्स सेर्हान यांच्या गटाने २००१ मध्ये दाखविले. या पालटास कारण होणारे एक द्रव्य म्हणजे प्रोस्टाग्लॅंडिन ई-२, म्हणजे ज्याला आपण वेदनाशामक गोळ्यांनी दाबतो तेच. शोथाच्या आरंभीच्या द्रव्यांत त्याच्या शेवटाचे बीज असते, असे म्हणावयास हरकत नाही.

सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात शोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा अवस्था वर्णन करून त्या ओळखण्यावर किती भर दिला आहे हे वाचकांस सांगावयास नको. आम शोथ छेदणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, अशा दोन्ही वैद्यांची त्यांनी सारखीच निर्भर्त्सना केली आहे. तेथे विचार शोथ वाढवावा की दाबावा असा नाही. शोथ कोणत्या अवस्थेत आहे, असा आहे. हा अवस्थाविचार आणि वर सांगितलेली संदेशांची मालिका यांत मला नाते दिसते. मात्र न्यूट्रोफिल म्हणजेच पित्त, सिलेक्टिन म्हणजेच कफाचा पिच्छिल गुण, अशी समीकरणे मांडण्याचा जो मोह आपल्या परिषदांतून दिसतो, तो मला मान्य नाही. दोष हे शरीरव्यापाराच्या वर्गीकरणाचे तत्त्व आहे, पेशी ही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी वस्तू आहे. एकाला दुसऱ्याचे नाव दिल्याने ज्ञानात भर पडत नाही, केवळ टाळ्या पडतात. असो.

आता सिकलसेलकडे वळू. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील एक अमिनो आम्ल बदललेले असते, प्राणवायू कमी झाला की लाल पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते आणि सूक्ष्म वाहिन्या बंद पडतात, एवढे आपण पदवीच्या अभ्यासक्रमात शिकलो. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीच्या आदिवासींतील. महाराष्ट्रातील आदिवासी भागांतून या आजारावर दीर्घकाळ काम करणारे पुण्याचे डॉ. सुदाम काटे, ज्यांना २०१९ मध्ये पद्मश्री देण्यात आली, यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भिल्ल, पावरा, माडिया, परधान आदी जमातींत सिकल हिमोग्लोबिनचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळत असल्याचे नमूद केले आहे. यांतील बहुसंख्य लोक केवळ वाहक असतात, त्यांना त्रास नसतो. परंतु दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे सातपुड्यात दवाखाना असणाऱ्या प्रत्येक वैद्याकडे हा रुग्ण येतोच. तो आलाच नाही असे वाटत असेल, तर तो आमवात, वातरक्त किंवा पांडू या नावाने नोंदवहीत बसलेला असण्याचाच संभव अधिक.

विळ्याच्या आकाराच्या पेशी अरुंद वाहिनीत अडकतात, हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. २००२ साली न्यूयॉर्क येथील पॉल फ्रेनेट यांच्या प्रयोगशाळेत सिकलसेल असलेल्या उंदरांच्या जिवंत वाहिन्या सूक्ष्मदर्शकातून पाहण्यात आल्या. लघुशिरांच्या भिंतीस प्रथम पांढऱ्या पेशी चिकटत आणि मग त्यांना लाल पेशी येऊन अडकत. ओढ्यात आधी ओंडका आडवा पडावा आणि मग त्यावर पालापाचोळा साचून पाणी तुंबावे, तसा हा प्रकार आहे. त्याच उंदरांत सिलेक्टिन नसतील तर पेशी भिंतीस चिकटत नाहीत आणि तुंबाराही होत नाही, असेही दिसले. पुढील काळात फुटलेल्या लाल पेशींतील हीम हे द्रव्य न्यूट्रोफिलला जाळे फेकण्यास प्रवृत्त करते, हेही उंदरांमध्ये दिसून आले. सिकल रुग्णाच्या शरीरात लाल पेशी सतत फुटत असतात. म्हणून त्याच्या न्यूट्रोफिल पेशी कायम अर्ध्या सज्ज अवस्थेत असतात. दुहेरी कुलपातील पहिले कुलूप उघडेच राहिलेले असते. मग थंडी, ताप, अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे, यांपैकी काहीही दुसरा संदेश म्हणून पुरते. ऊसतोडीचे काम आणि पौषाची थंडी यांत हे सर्व एकत्र येते.

मनुष्यांतील पुरावाही याच दिशेने जातो. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ज्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असत त्यांना अकाली मृत्यूचा धोका अधिक आढळला. १९९५ च्या चाचणीत हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी झाले. हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते म्हणून ते योजले होते. परंतु ज्यांना उत्तम गुण आला त्यांच्या न्यूट्रोफिल पेशीही घटल्या होत्या. याच्या नेमके उलट उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल पेशी वाढवून बाहेर काढणारे जी-सी-एस-एफ हे इंजेक्शन इतर कारणांसाठी सिकल रुग्णांना दिले गेले तेव्हा तीव्र झटके आले आणि मृत्यूही ओढवल्याची नोंद आहे. पांढऱ्या पेशी वाढविणे म्हणजे प्रतिकारशक्ती वाढविणे असे मानणाऱ्याने या नोंदीपुढे क्षणभर थांबावे.

याचा अर्थ संदेश तोडला की रोग संपला, असाही नाही. पी-सिलेक्टिनला अडविणाऱ्या क्रिझानलिझुमॅब या महागड्या औषधास २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, परंतु पुढील मोठ्या चाचणीत अपेक्षित लाभ सिद्ध न झाल्याने युरोपात २०२३ मध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली. उंदरात जे स्वच्छ दिसते ते माणसात तितके स्वच्छ दिसत नाही. शिवाय सिकल रुग्णाची प्लीहा हळूहळू निकामी होते, त्यामुळे न्यूट्रोफिल पेशी विपुल असूनही काही जंतूंपुढे तो दुबळा ठरतो. पेशी भरपूर आणि संरक्षण मात्र अपुरे, अशी ही विचित्र अवस्था आहे. प्रतिकारशक्ती एकच असती आणि ती तराजूत मोजता आली असती, तर असे होते ना.

आता माझ्या चिकित्सेकडे पुन्हा पाहतो. वालुकास्वेदाची ऊब बाधक नव्हती. ऊब अशा रुग्णास बरीच वाटते. बाधक होते ते लंघन, घाम आणि विरेचन. त्याच्या शरीरातील पाणी मी तीन मार्गांनी कमी केले, आणि पाणी कमी झालेल्या लाल पेशीत सिकल हिमोग्लोबिन अधिक दाट होऊन अधिक वेगाने गोठते. ज्या रुग्णाला भरपूर पाणी, पेज, विश्रांती आणि वेळेवर रुग्णालय हवे होते त्याला मी उपाशी ठेवले. चक्रदत्ताचे सूत्र आमवातासाठी होते. मला दिसले ते रूप आमवाताचे होते, संप्राप्ती निराळी होती. समान लक्षणे पाहून संप्राप्ती न पारखणे हा दोष शास्त्राचा नव्हे, वैद्याचा आहे.

म्हणून माझे आग्रहाचे मत असे आहे की नंदुरबार, धुळे, गडचिरोली, अमरावतीतील मेळघाट यांसारख्या भागांत सांधेदुखीच्या तरुण रुग्णाला आमवात हे नाव देण्यापूर्वी आणि विशेषतः वमन, विरेचन किंवा लंघन योजण्यापूर्वी त्याची सिकलसेल चाचणी झालेली असावी. विद्राव्यता चाचणी स्वस्त आहे आणि शासकीय आरोग्य केंद्रांत होते. ती दोषयुक्त आल्यास वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच-पी-एल-सी ने ठरते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजलेली आहे. अनेकांकडे तपासणीचे कार्ड असतेही. विचारले तर दाखवितात. मी विचारले नव्हते. लहान बालकाच्या हातापायांची बोटे एकाएकी सुजून दुखू लागली तर तोही बहुधा या आजाराचा पहिला निरोप असतो. तेथे लेप लावून घरी पाठवू नये. ज्ञात सिकल रुग्णास ताप, छातीत वेदना, श्वासकष्ट, पोटात एकाएकी प्लीहा वाढणे किंवा एका अंगाचा दुबळेपणा यांपैकी काही दिसले तर त्या दिवशी आपले काम एकच, त्यास रुग्णालयात पोहोचविणे. तोरणमाळसारख्या ठिकाणाहून घाट उतरण्यास लागणारा वेळ लक्षात घेता 'उद्या सकाळी पाहू' हे शब्द तेथे फार महाग पडतात.

हायड्रॉक्सियुरिया चालू असलेला रुग्ण आपल्याकडे आल्यास ते आपल्या सल्ल्याने बंद करू नये. 'कर्करोगाचे औषध आहे, उष्ण पडते' असे सांगून ते थांबविणारे व्यवसायबंधू मला माहीत आहेत. त्या औषधाने न्यूट्रोफिल पेशी घटतात ही त्याची गुणवत्ताही आहे आणि जोखीमही. म्हणून ठराविक अंतराने रक्ततपासणी झाली आहे ना, एवढे मात्र आपण अवश्य पाहावे.

मग आपल्या औषधींचे काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. न्यूट्रोफिल आणि आयुर्वेदीय औषधी यांचा मानवी रुग्णांतील एक चांगला अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. रवी बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरोधजन्य कामलेच्या तीस रुग्णांवर केलेला गुळवेलीचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांच्या न्यूट्रोफिल पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची क्षमता मंदावलेली असते. शस्त्रकर्मापूर्वी पित्तनिर्हरणाच्या काळात ज्यांना गुळवेल दिली त्यांच्यात ही क्षमता पूर्ववत झाली, इतरांत झाली नाही. गुळवेल न घेणाऱ्यांपैकी निम्म्या रुग्णांत जंतुदोष रक्तात पसरल्याची लक्षणे दिसली, घेणाऱ्यांत एकातही नाही. अभ्यास लहान आहे, परंतु प्रश्न नेमका आहे: पेशी मंदावलेल्या आहेत, हे आधी मोजले, मग औषध दिले, मग पुन्हा मोजले. आज गुळवेलीच्या गोळ्या विकणाऱ्यांनी या अभ्यासातील केवळ निष्कर्ष उचलला आणि अट सोडून दिली. जेथे पेशी मंद आहेत तेथे उपकारक ठरलेले द्रव्य जेथे पेशी आधीच चेतलेल्या आहेत तेथेही उपकारकच ठरेल, हे कोणी सिद्ध केले? २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आपल्याकडून प्रामुख्याने संताप व्यक्त झाला. वनस्पतीची ओळख चुकली असावी, हा आयुष मंत्रालयाचा आक्षेप विचारार्ह होता. परंतु तसे असेल तर शुद्ध गुळवेल कोणती व बाजारात येते ती कोणती, ही चौकशी करण्याचे दायित्वही आपल्यावरच येते. सिकल रुग्णास झटक्याच्या काळात गुळवेल, अश्वगंधा किंवा तत्सम 'शक्तिवर्धक' योग देऊ नये असे माझे मत आहे. ते निषिद्ध सिद्ध झाले आहेत असे मी म्हणत नाही. उपकारक सिद्ध झालेले नाहीत आणि रुग्णाची अवस्था प्रयोग करण्याची नाही, इतकेच.

सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर उभी असलेली सालई, म्हणजे आपली शल्लकी, हे याहून रोचक उदाहरण आहे. तिच्या निर्यासातील आम्ले न्यूट्रोफिल पेशींतील ५-लायपॉक्सिजनेज या एन्झाइमला रोखतात आणि ल्यूकोट्राइन बी-४ ची निर्मिती घटते, असे जर्मनीतील अमोन यांच्या गटाने १९९१ साली उंदरांच्या पेशींवर दाखविले. म्हणजे थवा जमविणारी ती हाकच दबते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचना-अभ्यासात यांतील एक आम्ल एन्झाइमच्या मुख्य केंद्रात न बसता बाजूच्या जागी बसते असे दिसले. वाचून मन हरखते. परंतु तोंडाने घेतल्यावर ही आम्ले रक्तात फार अल्प प्रमाणात पोहोचतात, आणि सिकलसेलमध्ये शल्लकीने झटके कमी होतात असा मानवी पुरावा मला ज्ञात नाही. ज्या डोंगरात हे झाड आहे त्याच डोंगरात हा रुग्ण आहे, हा योगायोग सुंदर असला तरी तो पुरावा नव्हे. तसा अभ्यास व्हावा आणि तो आपल्या संस्थांनी, हायड्रॉक्सियुरियासह, नियमाने करावा, अशी इच्छा मात्र अवश्य आहे.

औषधी दुकानदार बंधूंसही दोन शब्द. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या व 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून खपविल्या जाणाऱ्या गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते, ही गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. स्टेरॉइड घेतल्यावर वाहिनीच्या भिंतीस टेकलेल्या न्यूट्रोफिल पेशी सुटून रक्तात येतात आणि त्यांची संख्या अहवालात वाढलेली दिसते. वेदना काही दिवस दबते. सिकल रुग्णात मात्र औषध थांबताच वेदना उलटून आल्याचे आणि पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याचे वैद्यकीय साहित्यात नमूद आहे. आठवड्याच्या बाजारात अशा पुड्या घेणारा गिऱ्हाईक दर महिन्याला परत येतो, म्हणून तो चांगला गिऱ्हाईक ठरतो. तो परत का येतो, हे एकदा त्याला विचारावे.

माझा तो रुग्ण आता हायड्रॉक्सियुरिया घेतो, ऊसतोडीला जात नाही, गावीच कोंबड्या पाळतो. गेल्या पौषात तो पुन्हा आला होता, धाकट्या भावाला घेऊन. भावाचे गुडघे दुखत होते. मी नाडीस हात लावण्यापूर्वीच त्याने खिशातून भावाचे तपासणी कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. भाऊ वाहक होता, आजारी नव्हता. त्यास मी आमवाताची चिकित्सा दिली.